हाडातली सळई

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण पडल्यामुळे माझं हाड मोडलं नाही; हाड मोडल्यामुळे मी पडलो. आधी मांडीत कट् झालं. मग मी मनाशी म्हटलं, 'हे आपलंच वाटतं.' मग समोरची पाटी वाचली, 'दुरुस्तीसाठी लिफ्ट बंद आहे'. पाटी मीच लावली होती, त्यामुळे ती जरा तिरकी लागलीय असंही मनात आलं. एवढं सगळं उरकून मग मी सवडीनं पडलो.

खोटं वाटतंय ना? वाटू दे. आमच्या घरात माझ्यावर विश्वास ठेवायची पद्धतच नाही. आक्का, माझी थोरली बहीण, मी बोलायला लागल्यापासून मला 'थापाड्या' म्हणतात. एकदा मी घरी सांगितलं की लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईला मी दाराच्या फटीतून नळीनं चहा पाजला. ते खरं होतं, कोणी मानलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं की चहा नव्हे, अख्खं जेवण भरवलं. ते खोटं होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून मी खऱ्याच्या फारसा नादी लागत नाही.

या खेपेला अडचण एवढीच झाली, की माझा पाय किती आणि कसा उघडायचा हे माझ्या शब्दावर ठरणार होतं.

मला ठेवलेली खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पायाला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी खाटेच्या टोकाच्या कप्पीवरून खाली, आणि खाली लोंबकळणारं वजन. आयुष्यभर लिफ्टना काउंटरवेट, म्हणजे तोलाची वजनं, लावली, शेवटी मलाच लावलं. हललो की मांडीच्या आत काचा घासल्यासारखं व्हायचं, म्हणून हलत नव्हतो. पण कान मोकळे होते. खोलीच्या दाराचा क्लोजर ढिला होता. दार बंद व्हायला निघायचं आणि हातभर फट ठेवून थांबायचं. लिफ्टचं असतं तर दोन मिनिटांत आवळून दिलं असतं. बरं झालं कोणी आवळलं नाही. त्या फटीतून व्हरांड्यातलं बरंच ऐकू येई, आणि जे ऐकू आलं नाही ते मी जोडून घेतलं. मुलं माझीच. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळणार नाही तर काय त्या सिस्टरला कळणार?

व्हरांड्यात डॉक्टरीणबाई बोलत होत्या. बुटक्या, भुवया जोडलेल्या, बोलताना पेनाचं टोपण काढायचं आणि लावायचं ही सवय.

"असं बघा, पूर्वी यांचा खुब्याचा सांधा बदलला तेव्हा मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूची सळई बसवली. हाड तिला धरून ठेवतं. आता नेमकं त्या सळईभोवतीचं हाड फुटलंय. नुसतं हाड मोडलं असतं तर माझं काम सोपं होतं. मला आधी हे कळायला हवं, की आतली सळई अजून घट्ट आहे, की पडण्याच्या आधीपासूनच सैल झाली होती."

"एक्स-रेत दिसत नाही?" माझ्या मुलीनं विचारलं. घरात ती धाकटी. इंजिनियर आहे, आणि प्रश्नसुद्धा पान्यानं पिळल्यासारखा विचारते.

"एक्स-रे दोन्हीकडून बोलतोय. मधल्या वर्षांतले एक्स-रे असते तर ताडून पाहिलं असतं. पण ते तपासणीला आलेलेच नाहीत."

"आलेच नाहीत?" हा थोरला, माझा मुलगा. "आम्हाला तर सांगायचे, जाऊन आलो, डॉक्टरांनी पाठ थोपटली."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"दर वेळी वेगळ्या."

टोपण लागलं. टोपण निघालं.

"सळई घट्ट असेल तर तुकडे जुळवून बाहेरून पट्टी लावायची, तारांनी आवळायचं. लहान काम. सैल असेल तर जुनी सळई काढून तिच्या जागी लांब सळई घालायची. मोठं काम. वेळ जास्त, रक्त जास्त."

"मग लहान करा," थोरला म्हणाला.

"सैल सळईवर पट्टी लावली तर काही महिन्यांत ती तुटेल, मग पुन्हा उघडावं लागेल. दुसऱ्यांदा टेबलावर घेण्यासारखं त्यांचं हृदय नाही. आणि उलट, घट्ट बसलेली सळई उगाच ठोकून काढायला गेले, तर राहिलेलं हाड फुटेल, आणि तेवढा वेळ हृदय साथ देईल असं मी सांगू शकत नाही. आत गेल्यावर मी हलवून बघेनच. पण लांब सळईचा संच इथे नाही, बाहेरून मागवावा लागतो. रक्ताची सोय, भुलेची तयारी, सगळं वेगळं. संध्याकाळच्या फेरीपर्यंत मला ठरवलं पाहिजे."

"मग आम्ही काय करायचं?" धाकटी.

"त्यांच्याकडून एकच गोष्ट काढून घ्या. पडण्याआधी मांडी दुखत होती का? बसून उठलं की पहिल्या काही पावलांना दुखणं, मग चालता चालता कमी होणं, असं काही? मी विचारलं तर म्हणाले, दुखत नव्हती, हसत होती."

"असंच बोलतात ते," थोरला म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता.

डॉक्टरीणबाई निघून गेल्या. थोरल्यानं तळवे विजारीला पुसले. त्याच्या डोक्यात त्या वेळी एक दार होतं. ऑपरेशनच्या खोलीचं, रबराची कड असलेलं. त्या दारातून त्याच्या आईला आत नेलं तेव्हा ती वळून म्हणाली होती, दुधावर झाकण ठेव. त्यानं घरी जाऊन झाकण ठेवलं. ती परत आली नाही. तेव्हापासून 'मोठं ऑपरेशन' म्हटलं की माझा हा धिप्पाड मुलगा, जो एका हातानं मोटर तोलून धरतो, तो आधी तळवे पुसतो आणि मग चिडतो.

"लहानच करायचं," तो म्हणाला, आणि तेही थेट बहिणीकडे बघून.

ही मोठी गोष्ट होती. आमच्या लिफ्टच्या वर्कशॉपात पाना उडाला त्या भांडणानंतर ही दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होती. एकाच टेबलावर समोरासमोर बसायची आणि 'बाबा, हिला सांगा मीठ द्यायला', 'बाबा, याला सांगा हात लांब आहे त्याचा'. भांडण वरच्या जुडग्यावरून. लिफ्टचं मशीन इमारतीच्या माथ्यावर एका खोलीत असतं, आणि आमच्याकडे देखभालीला असलेल्या सगळ्या इमारतींच्या त्या खोल्यांच्या किल्ल्या एका जुडग्यात. माझ्या वडिलांनी नियम घालून दिला: जुडगा ज्याच्या कमरेला, त्यानं जिना चढून स्वतःच्या पायांनी वर जायचं, मशीन बघायचं, आणि त्यानं वरून 'सुरू' म्हटल्याशिवाय लिफ्ट हलवायची नाही. पाय थांबले की जुडगा पुढच्याला. पुढचा कोण, हे मात्र वडिलांनी सांगितलं नाही, कारण त्यांना मी एकच होतो. मला दोन आहेत. दोघांकडे परवाना आहे, आणि जुडगा ज्याला मिळणार नाही तो वर्कशॉप सोडून जाणार, असं दोघांनी वेगवेगळं येऊन माझ्या कानात सांगितलेलं आहे.

आता तुम्हीच सांगा, माझे पाय थांबून चालणार होते का?

"लहानच करायचं असं तू ठरवलंस?" धाकटी म्हणाली.

"दुखत असतं तर बोलले असते. साधी शिंक आली तरी घर डोक्यावर घेतात."

"शिंकेचं घेतात, दादा. खऱ्या दुखण्याचं कधी घेतलंय? दाताला गळू झालं तेव्हा आठवडाभर सांगत होते, गालात लिमलेटची गोळी आहे."

"मग तुला काय म्हणायचंय?"

तिला काय म्हणायचं होतं ते मला खाटेवर पडल्या पडल्या कळलं. पोर हुशार आहे. गेले काही महिने वर्कशॉपात मी खुर्चीतून उठलो की लगेच चालायचो नाही. टेबलाला हात धरून उभा राहायचो आणि एक किस्सा सांगायचो. किस्सा संपला की चालायला लागायचो. तिला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला श्रोते मिळाले की सोडत नाही. आता व्हरांड्याच्या भिंतीला टेकून ती ते किस्से एकेक करून आठवत होती, आणि प्रत्येक किश्शात माझा हात टेबलावर होता.

"मला वाटतं, दुखत होतं त्यांना," ती म्हणाली.

"वाटणारच तुला."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांचे पाय कधीचेच थांबलेत, असं ठरलं की बरं पडेल ना. जुडगा आधीच सुटलेला होता म्हणायला."

धाकटी भिंतीपासून बाजूला झाली. किश्शांचं सांगण्यासाठी तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं. खरं बोललं तर हावरट दिसायचं आणि गप्प बसलं तर बाप जायचा, अशा चिमटीत माझी पोर उभी होती. आणि ती चिमटी मीच तयार केलेली.

तेवढ्यात आक्का आल्या. आक्का कुठेही आल्या की आधी खुर्ची मागतात.

"काय म्हणाली ती बाई? चिरायचंच म्हणाली असेल. चिरण्याचंच शिक्षण त्यांचं." आक्कांनी पिशवी मांडीवर घेतली. "मी सांगते, काही चिरायचं नाही. वजन लावलंय ना? राहू दे महिना-दोन महिने. हाडाला हाड आपोआप लागतं. आमच्या शेजारणीचं लागलं."

"तिच्या मनगटाचं होतं, आत्या," धाकटी म्हणाली.

"आणि वाकडं लागलं," थोरला म्हणाला. "त्या हातानं आता भाजी दाखवते एकीकडे आणि मिळते दुसरीच."

"तुम्ही दोघं एक झालात वाटतं."

झाली होती खरी. साडेतीन वाक्यांपुरती.

"दोन महिने पाडून ठेवलं तर छातीत कफ होईल, पाठीला जखमा होतील," धाकटी म्हणाली. "ऑपरेशन करायचंच आहे. प्रश्न कुठलं एवढाच आहे."

"लहान," थोरला.

"जे बरोबर असेल ते."

"आणि बरोबर काय ते तू सांगणार."

"ते थापाड्याला विचारा," आक्का म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेवा. तो लांबण लावून सांगेल ते सोडून द्या. तो थोडक्यात काही बोलला, तर घाबरा."

दुसरीकडे थोरला मघापासून आणखी एका गोष्टीनं पेटला होता. मी ज्या इमारतीत पडलो तिथला जिना ओला होता, असं त्याला सांगितलं गेलं होतं. "जिना पुसणाऱ्याला मी सोडणार नाही," तो आक्कांना म्हणाला. "वरून उतरताना माणूस घसरतो म्हणजे काय? उद्या तिथे जाऊन त्याची हजेरी घेतो." तो बिचारा जिना पुसणारा त्या दिवशी आलाच नव्हता. जिना कोरडा ठणठणीत होता आणि मी त्यावर पायही ठेवला नव्हता. पण हे व्हरांड्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

खोलीतल्या दोघांना माहीत होतं. एक मी, आणि दुसरी माझ्या उशाशी थर्मास घेऊन बसलेली सूनबाई. थोरल्याची बायको.

हिच्याबद्दल मागे काहीच आलं नाही, कारण ही फारसं बोलत नाही. लग्न होऊन आली तेव्हा आक्का म्हणाल्या होत्या, पोरगी चांगली आहे, पण हिला बोलतं करायला नाणं टाकावं लागतं. घरातलं सगळं बघते, वर्कशॉपाचे हिशेब बघते, माणसांचा डबा पोचवते. अशीच ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला डबा घेऊन एका इमारतीत आली, आणि मी तिला चौथ्या मजल्याच्या वळणावर सापडलो. पायरीवर बसलेला, दोन्ही हातांनी मांडी धरलेला, डोळे पुसून झालेला.

तिनं विचारलं नाही, काय झालं. तिनं डबा पायरीवर ठेवला, माझ्या कमरेचा जुडगा सोडवून घेतला आणि म्हणाली, "वर जाऊन काय बघायचं असतं?"

मी फोनवर सांगत गेलो, ती बघत गेली. हे एकदाच, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदाच ठरलं. मग मी खाली लिफ्टच्या दाराशी स्टूल टाकून बसायला लागलो आणि ती वर जायला लागली. सुरुवातीला धापा टाकत उतरायची. नंतर उतरायला उशीर करायला लागली. मशीनच्या खोलीत तिला काय सापडलं होतं कोण जाणे. बाहेर गच्ची, आत मोटरची घरघर, आणि कोणी हाक मारणारं नाही. एकदा फोनवर मला ऐकू आलं, ती वर एकटीच बोलत होती. मोटरशी. आमच्या घरात एवढ्या वर्षांत जेवढी बोलली नसेल तेवढी. मी फोन तसाच कानाला धरून बसलो, ठेववेना.

पण परवाना नसलेलं माणूस मशीनच्या खोलीत गेलं, हे बाहेर फुटलं तर एकही इमारत आमच्याकडे राहिली नसती. आणि थोरल्याला कळलं असतं, की ज्या जुडग्यासाठी त्यानं बहिणीशी बोलणं सोडलं तो त्याची बायको पदराखाली घेऊन फिरतेय, तर काय झालं असतं ते मला तेव्हाही सांगता येत नव्हतं. म्हणून मी तिला शब्द दिला. कोणाला कळणार नाही. आणि मी पडलो तेव्हा रुग्णवाहिका यायच्या आत आम्ही दोघांनी मिळून तो ओला जिना तयार केला.

"बाबा, सांगून टाका," ती हळूच म्हणाली.

"काय सांगू?"

"दुखत होतं एवढंच. बाकीचं नका सांगू."

"दुखत होतं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग जिने कोण चढत होतं? तुझा नवरा मठ्ठ आहे, पण इतका नाही."

"माझा नवरा आहे तो."

"म्हणून तर मठ्ठवर थांबलो."

ती हसली नाही. थर्मासचं झाकण लावायला गेली, आटे चुकले. पुन्हा लावलं, पुन्हा चुकले.

"पट्टी तुटली तर?" ती म्हणाली.

"माझ्या नशिबाची पट्टी आहे ती. चिवट असणार."

"बाबा."

"अगं, उघडल्यावर बघणारच आहेत हलवून. बाईंची बोटं चांगली आहेत. कळेल त्यांना."

"आणि कळलं, आणि ती लांब सळई तिथे नसली तर? उघडा पाय घेऊन वाट बघणार?"

खरं सांगायचं तर मलाही त्या रबरी कडेच्या दाराची भीती वाटत होती. माझी बायको त्यातून आत गेली तेव्हा मी बाहेर बाकावर बसून शेजारच्या माणसाला लिफ्टमधल्या बाईची गोष्ट सांगत होतो. पण मुलांसमोर भ्यायची मला सवय नाही, आणि सुनेसमोर तर लाज वाटते.

"तुला शब्द दिलाय," मी म्हटलं.

"मी मागितला नव्हता," ती म्हणाली.

हे मात्र मला नवीन होतं. मी आठवून पाहिलं. खरंच, तिनं मागितला नव्हता. मीच आपला देऊन मोकळा झालो होतो. पण यावर विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण दार ढकललं गेलं आणि फेरी आत आली. डॉक्टरीणबाई, त्यांच्यामागे सिस्टर, त्यांच्यामागे थोरला, धाकटी आणि खुर्चीसकट आक्का.

"हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता चेष्टा नको, आजोबा. मला ठरवायचंय. पडण्याआधी ही मांडी दुखत होती का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. थोरला तळवे पुसत होता. धाकटी माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होती. तो खाटेची कड धरून होता, तो मी सोडला.

आता इतकी वर्षं या कलेत घालवल्यावर मला एक कळतं. थाप खपवायची असेल तर तिला नटवायचं नाही. हत्ती, पूर, चोर, काही घालायचं नाही. मी आयुष्यातली सर्वांत बेचव थाप मारली.

"नाही," मी म्हटलं. "दुखत नव्हती. जिन्यावरून उतरताना पाय घसरला."

"आदल्या दिवशी?"

"जिने चढलो. रोज चढतो."

"बसून उठल्यावर?"

"काही नाही."

इतकंच. थोरल्यानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. आक्का तेवढ्या खुर्चीतून पुढे वाकल्या आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांचे ओठ हलले, पण त्यांच्याजवळ संशयाखेरीज काही नव्हतं. धाकटीनं भावाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे सळई घट्ट धरून चालायचं. सिस्टर, सकाळी पट्टी आणि तारा. लांब संचाचं राहू द्या."

टोपण लागलं.

"दुखत होतं."

आवाज कोणाचा ते आधी कोणाला कळलंच नाही. या आवाजाची सवय नव्हती. सूनबाई थर्मास छातीशी धरून उभी राहिली होती.

"उन्हाळ्यापासून दुखत होतं, डॉक्टर. बसून उठले की पहिली चार-पाच पावलं टाकताच यायची नाहीत. काहीतरी धरून उभे राहायचे. मग चालायला लागले की कमी व्हायचं. गेल्या महिन्यात कमीही होत नव्हतं."

"कुठे दुखायचं? जांघेत?"

"नाही. इथे. मांडीच्या मधोमध." तिनं स्वतःच्या मांडीवर हात ठेवून दाखवलं.

डॉक्टरीणबाईंच्या जोडलेल्या भुवया वर गेल्या. "सळईचं टोक येतं तिथे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आजोबा?"

मी छताकडे पाहिलं. कधी कधी माणसानं छताकडे बघणं हेही उत्तर असतं.

"सिस्टर, लांब संचासाठी आत्ता फोन लावा. रक्त वाढवून सांगा. भूलवाल्या डॉक्टरांना म्हणावं मला येऊन भेटा." त्या पुन्हा सुनेकडे वळल्या. "बरं झालं सांगितलंत. फार बरं झालं."

"बाबा!" धाकटीचा आवाज फुटला. "मला कळलं होतं. मला कळलं होतं, दादा, आणि मी बोलले नाही."

"मी बोलू दिलं नाही," थोरला म्हणाला. तो खाली माझ्या पायाच्या वजनाकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि बायकोकडे वळला. रागानं नाही. कोडं पडल्यासारखा.

"पण तुला कसं माहीत?" तो म्हणाला. "वर्कशॉपात त्यांच्याबरोबर आम्ही असतो. तू कधी बघितलंस त्यांना?"

आला प्रश्न. मी ज्याला भीत होतो तो हाच. पण आता काम झालेलं होतं. फोन लागत होता, सळई येणार होती. आता खोटं बोललो असतो तर कोणाचं हाड मोडणार नव्हतं. उलट सुनेला सुखरूप बाहेर काढता आलं असतं, आणि मी तर खोटं बोलण्यातच आयुष्य घालवलेलं. मला हुरूप आला. मी उशीवरून मान उचलली.

"अरे, घरी!" मी म्हटलं. "घरी बघितलं तिनं. सकाळी मी खाटेवरून उठतो ना, तेव्हा. तुम्ही सगळे घोरत असता. मी उठतो, कपाटाला धरतो, एका पायावर असा बगळ्यासारखा उभा राहतो, आणि ही चहा घेऊन दारात. रोज! एकदा तर मी असा उभा असताना खिडकीत खराखुरा बगळा येऊन बसला, आणि माझ्याकडे बघून त्यानं आपला दुसरा पाय खाली टेकवला, लाजून. विचार हिला. आणि मी हिला दम दिला होता, पोरांना सांगितलंस तर बघ. म्हणून गप्प राहिली बिचारी. काय गं, सूनबाई, तेव्हाच ना? सकाळी, चहाच्या वेळी?"

थोरला हसायच्या बेतात आला होता. आक्कासुद्धा मागे टेकल्या. लांबण आली, त्यांचा जीव भांड्यात पडला. खोलीतली हवा सैल झाली. सुनेला फक्त मान हलवायची होती.

तिनं थर्मास खाटेवर ठेवला. कमरेला खोचलेला जुडगा काढला, आणि तो माझ्या हातात न देता, थोरल्याच्या किंवा धाकटीच्याही हातात न देता, स्वतःच्याच मुठीत धरला.

"खोटं बोलताहेत बाबा," ती म्हणाली. "घरी नाही बघितलं मी. वर मी जात होते."